मूत्रपिंडाचे कार्य व त्याचे सामान्य विकार : परळी परिसरातील उष्मा, पाणी आणि श्रम यांच्या संदर्भात

प्रस्तावना

मानवी उत्सर्जन संस्थेचा परिचय प्रत्येकास शालेय पाठ्यपुस्तकातून झालेला असतो. दोन वृक्क, दोन मूत्रवाहिन्या, एक मूत्राशय व एक मूत्रमार्ग अशी नामनिर्देशित आकृती काढून गुण मिळविले की हा विषय बहुधा मागे पडतो. त्या आकृतीतून मनात उरते ती एवढीच समजूत की, मूत्रपिंड ही शरीरातील एक गाळणी आहे. ही समजूत चुकीची नसली तरी फारच अपुरी आहे. रक्त गाळणे हे मूत्रपिंडाच्या कामातील तुलनेने सोपे काम होय. गाळलेल्यातून काय परत घ्यावयाचे व काय सोडून द्यावयाचे, हा निर्णय क्षणोक्षणी घेणे हे त्याचे खरे कार्य आहे.

परळी वैजनाथ, अंबाजोगाई, केज, धारूर, वडवणी हा बालाघाटच्या रांगांलगतचा प्रदेश अवर्षणप्रवण म्हणून ओळखला जातो. मे महिन्यात येथील तापमान ४२ अंश सेल्सिअसच्या वर जाते. पिण्यासाठी अनेक गावे विंधनविहिरींवर अवलंबून आहेत आणि दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास येथील हजारो कुटुंबे ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकाच्या वाटेला लागतात. मूत्रपिंडाचे पुष्कळसे विकार पाणी, उष्मा, श्रम आणि वेदनाशामक औषधे यांच्याशी निगडित आहेत. त्यामुळे या परिसरातील महाविद्यालयीन अध्यापकांसाठी हा विषय केवळ शरीरक्रियाशास्त्राचा राहत नाही. प्रस्तुत लेखात मूत्रसंस्थेच्या कार्याचे विवेचन करून तिच्या सामान्य विकारांचा याच पार्श्वभूमीवर विचार केला आहे.

रचना

मूत्रपिंडे उदराच्या मागील बाजूस, पाठीच्या कण्याच्या दोन्ही अंगांना, अखेरच्या बरगड्यांच्या आडोशाने असतात. यकृतामुळे उजवे मूत्रपिंड डाव्यापेक्षा किंचित खाली असते. प्रत्येकाची लांबी सुमारे १० ते १२ सेंटिमीटर व वजन साधारणतः १२० ते १७० ग्रॅम भरते. म्हणजे दोन्ही मिळून शरीराच्या वजनाच्या अर्धा टक्कादेखील नाहीत. तथापि हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्तापैकी २० ते २५ टक्के रक्त त्यांच्याकडे जाते. विश्रांतीच्या अवस्थेत वजनाच्या मानाने इतका रक्तपुरवठा हृदय वा मेंदूलाही मिळत नाही. प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत बोकडाचा गुरदा उभा चिरून दाखविल्यास बाहेरचा गडद बाह्यक, आतील शंकूच्या आकाराचा मध्यक आणि मधोमध मूत्र गोळा करणारी वृक्कद्रोणी विद्यार्थ्यांना स्पष्ट दिसते. फळ्यावरच्या आकृतीपेक्षा हा पाच मिनिटांचा प्रयोग अधिक उपयुक्त आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

मूत्रपिंडाचा कार्यकारी घटक म्हणजे वृक्काणू किंवा नेफ्रॉन. प्रत्येक मूत्रपिंडात ते सरासरी दहा लाख असतात. जन्मानंतर नवे वृक्काणू तयार होत नाहीत आणि वयाबरोबर त्यांची संख्या घटत जाते, ही गोष्ट पुढील सर्व विवेचनात लक्षात ठेवणे आवश्यक आहे. वृक्काणूच्या आरंभी केशवाहिन्यांचा एक गुंतवळा असतो. त्यास केशिकागुच्छ म्हणतात. त्याभोवती पेल्यासारखे संपुट असते. इंग्लंडमधील विल्यम बोमन याने १८४२ मध्ये त्याचे वर्णन केले म्हणून त्यास बोमनचे संपुट असे नाव पडले. संपुटापासून निघणारी वळणावळणाची नलिका पुढे मध्यकात खोल उतरून पुन्हा वर येते (हाच हेन्लेचा पाश) आणि अखेर संग्राहक नलिकेस मिळते.

गाळणे आणि परत घेणे

केशिकागुच्छात रक्त येण्याची वाट रुंद व जाण्याची वाट अरुंद असल्यामुळे तेथे दाब टिकून राहतो. त्या दाबाने पाणी, क्षार, ग्लुकोज, युरिया यांसारखे लहान रेणू संपुटात उतरतात. रक्तपेशी व मोठी प्रथिने मात्र मागे राहतात. निरोगी तरुण व्यक्तीत दर मिनिटाला सुमारे १२५ मिलिलिटर, म्हणजे दिवसाला जवळपास १८० लिटर द्रव अशा रीतीने गाळला जातो. शरीरातील रक्तद्रव सुमारे तीन लिटर धरल्यास तोच रक्तद्रव दिवसातून साठ वेळा गाळला जातो, असा याचा अर्थ होतो. प्रत्यक्षात मूत्र होते ते दीड लिटरच्या आसपास. उरलेले ९९ टक्के नलिकांतून रक्तात परत जाते.

एवढे गाळून पुन्हा परत घेण्याचा हा द्राविडी प्राणायाम निसर्गाने का स्वीकारला असावा, असा प्रश्न जिज्ञासू विद्यार्थी विचारतातच. त्याचे उत्तर असे की, शरीरास नको असलेल्या पदार्थांची यादी अनंत आहे. हव्या असलेल्यांची मात्र मर्यादित आहे. घरातील सर्व सामान अंगणात काढून त्यातले हवे तेवढेच आत नेण्यासारखी ही रीत आहे. यामुळे पूर्वी कधीही न आलेला परका पदार्थसुद्धा बाहेरच राहतो, त्याला ओळखण्याची वेगळी व्यवस्था लागत नाही.

नलिकेच्या पहिल्या भागातच सुमारे ६५ टक्के पाणी व सोडिअम तसेच जवळजवळ सर्व ग्लुकोज परत घेतले जाते. ग्लुकोज वाहून नेणाऱ्या प्रथिनांची क्षमता मर्यादित असते. रक्तातील ग्लुकोज दर १०० मिलिलिटरला सुमारे १८० मिलिग्रॅमच्या वर गेले की ते मूत्रात उतरू लागते व आपल्यासोबत पाणीही ओढून नेते. मधुमेही व्यक्तीस वारंवार लघवीला होते आणि तहान लागते, ती या कारणाने.

पाण्याचा हिशेब

हेन्लेच्या पाशामुळे मध्यकाच्या आतल्या भागात क्षारांचे प्रमाण अतिशय वाढलेले राहते. संग्राहक नलिका याच खारट प्रदेशातून खाली उतरते. शरीरात पाणी कमी झाले की मेंदूतील अधश्चेतकास त्याची जाणीव होते, पियुषिका ग्रंथीतून प्रतिमूत्रल संप्रेरक स्रवते आणि संग्राहक नलिकेच्या भिंतीत पाण्याची द्वारे उघडतात. पाणी मध्यकात खेचले जाऊन रक्तात परततें ते याच मार्गाने, आणि मूत्र थोडे व गडद होते. पाणी मुबलक असेल तर ही द्वारे मिटतात व मूत्र फिकट, भरपूर होते. लघवीचा रंग हा निर्जलीकरणाचा साधा व विनामूल्य निर्देशक आहे, तो याच यंत्रणेमुळे.

या काटकसरीस मात्र सीमा आहे. दिवसभरात बाहेर टाकावयाचा क्षार-युरियाचा भार साधारणतः ६०० मिलिऑस्मोल असतो आणि मानवी मूत्रपिंड एका लिटरमध्ये जास्तीत जास्त १२०० मिलिऑस्मोल सामावू शकते. म्हणजे कितीही पाणीटंचाई असली तरी किमान अर्धा लिटर मूत्र झालेच पाहिजे. पाण्याअभावी परळीचे औष्णिक विद्युत केंद्र २०१३ मध्ये व पुन्हा २०१५ मध्ये बंद ठेवावे लागले होते, हे आपल्या स्मरणात आहे. मूत्रपिंडास अशी सुटी घेता येत नाही. पाणी तुटले तरी त्याला काम चालू ठेवावे लागते आणि रक्तपुरवठा घटला तर त्याच्या पेशींनाच इजा पोहोचते.

याशिवाय मूत्रपिंड रक्ताची आम्लता राखते, रेनिन स्रवून रक्तदाबाच्या नियमनात भाग घेते, एरिथ्रोपोएटिन या संप्रेरकाद्वारे अस्थिमज्जेस तांबड्या पेशी तयार करण्याची सूचना देते आणि ‘ड’ जीवनसत्त्वास कार्यक्षम रूप देते. मूत्रपिंडाच्या जुन्या विकारात रुग्ण पांढराफटक दिसतो, त्याची हाडे दुखतात, रक्तदाब चढतो. या गोष्टी लघवीशी संबंधित वाटत नाहीत, म्हणून निदानास उशीर होतो.

मूत्रमार्गाचा संसर्ग

तयार झालेले मूत्र २५ ते ३० सेंटिमीटर लांबीच्या मूत्रवाहिन्यांतून मूत्राशयात येते. मूत्राशयात सुमारे ४०० ते ५०० मिलिलिटर मूत्र मावते. त्याच्या निम्म्याहून कमी भरतानाच पहिली जाणीव होते. पुरुषाचा मूत्रमार्ग १८ ते २० सेंटिमीटर, तर स्त्रीचा अवघा ४ सेंटिमीटर असतो. आतड्यातील ई. कोलाय जिवाणूस मूत्राशय गाठण्यासाठी स्त्रीमध्ये एवढेच अंतर कापावे लागते. लघवीची धार हीच या जिवाणूंना धुऊन काढणारी मुख्य नैसर्गिक संरक्षक यंत्रणा आहे. साहजिकच पाणी कमी पिणे व लघवी रोखून धरणे या दोन्ही गोष्टी संसर्गास आमंत्रण देतात.

येथे शरीररचनेचा प्रश्न संपतो आणि समाजरचनेचा सुरू होतो. ऊसतोडणीच्या फडावर पहाटेपासून काम करणाऱ्या, उघड्या पालात राहणाऱ्या स्त्रीला ना शौचालय उपलब्ध असते ना आडोसा. लघवीला जावे लागू नये म्हणून ती पाणीच पीत नाही. हे केवळ फडापुरते नाही. शौचालयाची सोय नसलेल्या शाळेतील विद्यार्थिनी आणि एस.टी.ने लांबचा प्रवास करणारी नोकरदार स्त्रीही तेच करते. जळजळ, वारंवार लघवी, ओटीपोटात दुखणे ही लक्षणे मूत्राशयापुरत्या संसर्गाची असतात. त्यात थंडी वाजून ताप व कमरेच्या वरच्या भागात वेदना यांची भर पडली तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोहोचला असे समजावे. गरोदरपणात असे होण्याची शक्यता वाढते व त्यातून अकाली प्रसूती होऊ शकते.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने केली. ८२ हजारांहून अधिक स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यामागील कारणे अनेक आहेत व त्यांचा ऊहापोह येथे अभिप्रेत नाही. परंतु ओटीपोटातील दुखणे हे लक्षण गर्भाशयाचे असते तसेच मूत्राशयाचेही असते. साध्या मूत्रतपासणीने यांतील फरक ओळखण्यास मदत होते आणि मूत्रसंसर्ग योग्य प्रतिजैविकाने काही दिवसांत बरा होतो, एवढे नोंदविणे आवश्यक वाटते.

मुतखडा

सुश्रुतसंहितेत अश्मरीचे प्रकार व तीवरील शस्त्रकर्म यांचे तपशीलवार वर्णन आहे. यावरून या व्याधीचे प्राचीनत्व ध्यानात येते. मूत्रात विरघळलेले क्षार प्रमाणाबाहेर दाट झाले की त्यांचे स्फटिक बनतात. बहुसंख्य खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. काही युरिक आम्लाचे तर काही जिवाणुसंसर्गातून होणारे असतात. खडा मूत्रपिंडात स्वस्थ असताना फारसा त्रास देत नाही. तो मूत्रवाहिनीत उतरला की कमरेतून जांघेकडे सरकणारी असह्य कळ येते.

‘आमच्या बोअरचे पाणी जड, म्हणून मुतखडा’ हे वाक्य आपल्याकडे सर्रास ऐकू येते. वस्तुस्थिती थोडी वेगळी आहे. आहारातील व पाण्यातील कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटशी संयोग पावून ते शौचावाटे बाहेर नेते; त्यामुळे दूध-दही बंद केल्याने खडे कमी न होता वाढण्याचीच शक्यता असते. उष्ण प्रदेशात मुतखड्याचे प्रमाण अधिक असते त्याचे मुख्य कारण घाम होय. घामावाटे पाणी गेल्याने मूत्र दाट होते. बेचव जड पाणी लोक कमी पितात, हा त्याचा अप्रत्यक्ष परिणाम मात्र संभवतो. ज्यास एकदा खडा झाला आहे त्याने दिवसाला दोन ते अडीच लिटर मूत्र होईल इतके पाणी प्यावे, मीठ कमी करावे व पालकासारख्या ऑक्झलेटयुक्त भाज्या बेताने खाव्यात, असा सल्ला दिला जातो. पाच मिलिमीटरपेक्षा लहान खडे बहुधा आपोआप पडून जातात. कोणत्याही पानांच्या रसाने ‘खडा विरघळला’ असे सांगितले जाते तेव्हा ही बाब लक्षात घ्यावी. मोठ्या खड्यांसाठी ध्वनिलहरींनी फोडणे किंवा दुर्बिणीद्वारे काढणे हे मार्ग आहेत. खड्याने मूत्राचा मार्ग अडला असून ताप आला असेल तर मात्र एक दिवसही थांबू नये.

पाण्यासंबंधी खरी काळजी वेगळ्या घटकाची आहे. बीड जिल्ह्यातील काही गावांच्या भूजलात फ्लोराइडचे प्रमाण सुरक्षित मर्यादेपेक्षा अधिक आढळते. भारतीय मानकानुसार ही मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम असून पर्यायी स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. शरीरात शोषलेल्या फ्लोराइडपैकी मोठा भाग मूत्रपिंडावाटे बाहेर पडतो. मूत्रपिंड दुबळे झाल्यास ते हाडांत साठत जाते. म्हणजे इतरांस सोसणारे पाणी अशा रुग्णास बाधू शकते.

आकस्मिक इजा

काही तासांत वा दिवसांत मूत्रपिंडाचे कार्य ढासळणे यास आकस्मिक मूत्रपिंड इजा म्हणतात. जुलाब-उलट्यांनी झालेले तीव्र निर्जलीकरण, उष्माघात, रक्तात पसरलेला संसर्ग ही त्याची नित्याची कारणे होत. शेतीप्रधान भागात घोणस या सर्पाचा दंश हे आणखी एक महत्त्वाचे कारण आहे. घोणसाच्या विषाने रक्तगोठण्याची यंत्रणा बिघडते व मूत्रपिंडातील सूक्ष्म वाहिन्यांना इजा होते. दंशानंतर प्रतिविष जितके लवकर मिळेल तितकी ही इजा टळण्याची शक्यता अधिक. मंत्र-तंत्रात गेलेले दोन तास पुढे डायलिसिसच्या रूपाने वसूल होतात.

वेदनाशामक गोळ्यांचा उल्लेख येथे विस्ताराने करावा लागेल. शरीरात पाणी कमी झाले असता मूत्रपिंड प्रोस्टाग्लँडिन नावाच्या द्रव्यांच्या साहाय्याने केशिकागुच्छाकडे येणारी वाहिनी उघडी ठेवते. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या नेमकी हीच द्रव्ये बनू देत नाहीत. वेदना थांबते ती त्यामुळेच, आणि वाहिनी आकसते तीही त्यामुळेच. भरपूर पाणी प्यालेल्या निरोगी माणसास एखादी गोळी बहुधा काही करत नाही. परंतु उन्हात घामाघूम होऊन मोळ्या वाहणारा, अंग दुखते म्हणून रोज रात्री गोळी घेऊन सकाळी पुन्हा कोयता उचलणारा मजूर मूत्रपिंडावर दुहेरी आघात करीत असतो. उचल फेडण्याचा तगादा असताना त्यास विश्रांती घे असे सांगणे सोपे नाही, हेही खरे.

मध्य अमेरिकेतील एल साल्वादोर व निकाराग्वा या देशांत ऊसतोड मजुरांमध्ये मधुमेह वा उच्च रक्तदाब नसतानाही मूत्रपिंडाचा जुना विकार मोठ्या प्रमाणावर आढळला असून २००२ पासून वैद्यकीय नियतकालिकांत त्याची चर्चा होत आहे. उन्हातील अतिश्रम व वारंवारचे निर्जलीकरण हे त्याचे एक प्रमुख कारण मानले जाते. अन्य कारणांबाबत मतभेद आहेत. तेथे पाणी, सावली व सक्तीची विश्रांती यांची व्यवस्था केल्यावर मजुरांतील मूत्रपिंडाची इजा कमी झाल्याचे आढळून आले. आपल्याकडे हंगामाचा बराचसा भाग हिवाळ्यात येतो, ऊसही बहुधा न जाळता तोडतात. त्यामुळे दोन्हीकडची स्थिती सारखीच आहे असे म्हणणे घाईचे ठरेल. पण टनावर मिळणारी मजुरी हा धागा दोन्हीकडे समान आहे आणि फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात लांबलेला हंगाम हिवाळ्याचा राहत नाही. परळी-अंबाजोगाई परिसरातील महाविद्यालयांना संशोधनासाठी यापेक्षा जवळचा विषय शोधावा लागू नये.

मूत्रपिंडाचा जुना विकार

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणारी मूत्रपिंडाची हानी म्हणजे जुना विकार. मधुमेह व उच्च रक्तदाब ही त्याची दोन प्रमुख कारणे. मधुमेहात आरंभी केशिकागुच्छावरील दाब वाढून गाळणदर उलट वाढतो, पुढे गाळणीची चाळण सैल होते आणि अल्ब्युमिन हे प्रथिन मूत्रात झिरपू लागते. काही वृक्काणू नष्ट झाले की उरलेल्यांवर भार पडतो व तेही झिजतात. मूळ कारण आटोक्यात आले तरी विकार पुढे सरकत राहतो, तो या दुष्टचक्रामुळे.

या विकाराचा मौन स्वभाव घातक आहे. रक्तातील क्रिएटिनिन हे द्रव्य तपासून मूत्रपिंडाचा अंदाज घेतात. पण निम्मे कार्य नष्ट होईपर्यंत त्याचा आकडा सामान्य मर्यादेत राहू शकतो. शिवाय क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होत असल्याने कृश वृद्ध स्त्रीत तो आकडा कमीच दिसतो आणि फसवतो. म्हणून वय व लिंग लक्षात घेऊन गाळणदर काढतात. तो मिनिटाला ६० मिलिलिटरच्या खाली तीन महिने राहिल्यास विकार निश्चित मानतात. १५ च्या खाली गेल्यास मूत्रपिंड निकामी झाले असे म्हणतात. मूत्रातील अल्ब्युमिनची तपासणी याहून आधी सूचना देते. मधुमेह किंवा रक्तदाबाची गोळी चालू असलेल्या प्रत्येकाने या दोन तपासण्या वर्षातून एकदा कराव्यात. वर्गात उभे राहून तीस वर्षे शिकविलेल्या व संध्याकाळी पायांवर येणाऱ्या सुजेस ‘वयामुळे’ म्हणणाऱ्या अध्यापकवर्गासही हे लागू आहे.

लहान मुलाच्या डोळ्यांभोवती सकाळी सूज व लघवीस फेस हे प्रथिने वाहून जाण्याचे लक्षण असते. तो विकार बहुधा औषधांनी आटोक्यात येतो. वृद्ध पुरुषांत पौरुषग्रंथी वाढून मूत्रमार्ग दबतो आणि तुंबलेल्या मूत्राचा दाब मागे मूत्रपिंडावर येतो.

आरंभीच्या अवस्थेत रक्तदाब व साखर नियंत्रणात ठेवणे, मीठ कमी करणे आणि अँजिओटेन्सिनची क्रिया रोखणारी औषधे यांनी विकाराची गती मंदावते. डापाग्लिफ्लोझिनसारखी औषधे ग्लुकोज परत घेणारे प्रथिनच अडवितात. ती मधुमेहासाठी आली; परंतु मधुमेह नसलेल्या अनेक रुग्णांतही मूत्रपिंडाचा ऱ्हास मंदावत असल्याचे गेल्या काही वर्षांत सिद्ध झाले आहे. घटक न सांगता विकल्या जाणाऱ्या पुड्या मात्र या रुग्णांनी कटाक्षाने टाळाव्यात.

डायलिसिस व प्रत्यारोपण

हॉलंडमध्ये विलेम कोल्फ याने १९४३ मध्ये पहिले उपयुक्त कृत्रिम मूत्रपिंड वापरले. महाराष्ट्रातील सामान्य वाचकास डायलिसिस हा शब्द परिचित झाला तो बहुधा जयप्रकाश नारायण यांच्यामुळे. आणीबाणीतील स्थानबद्धतेच्या काळात १९७५ मध्ये त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली. मुंबईच्या जसलोक रुग्णालयात उपचार झाले आणि १९७९ मध्ये निधन होईपर्यंत ते डायलिसिसवर होते. आज ही सोय जिल्हा पातळीपर्यंत आली आहे. केंद्र शासनाचा राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ मध्ये सुरू झाला आणि महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही या उपचारांचा समावेश आहे. तथापि आठवड्यातून दोन-तीन वेळा, प्रत्येकी चार तास यंत्राशी बांधून घ्यावे लागते. खेड्यातील रुग्णास उपचार विनामूल्य मिळाला तरी प्रवास आणि सोबत्याची बुडालेली मजुरी चुकत नाही. कित्येकांचे डायलिसिस थांबते ते या खर्चापायी.

मूत्रपिंड प्रत्यारोपणाचा भारतातील पहिला प्रयत्न मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात १९६५ मध्ये झाला. वेल्लोर येथे १९७१ मध्ये जिवंत दात्याकडून यशस्वी प्रत्यारोपण झाले. मूत्रपिंडांच्या विक्रीस आळा घालण्यासाठी १९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा आला. त्यानुसार आई-वडील, अपत्ये, भावंडे व पती-पत्नी यांना, आणि २०११ च्या दुरुस्तीनंतर आजी-आजोबा व नातवंडांनाही, निकटचे नातेवाईक म्हणून दान करता येते. मेंदुमृत दात्यांच्या अवयवांचे वाटप राज्यातील मुंबई, पुणे, नागपूर व छत्रपती संभाजीनगर या चार विभागीय केंद्रांमार्फत होते. परळीचा रुग्ण यांपैकी शेवटच्या केंद्राच्या कक्षेत येतो. भारतात जिवंत दात्यांमध्ये आई, पत्नी, बहीण यांचेच प्रमाण अधिक आहे. दान केल्यानंतर उरलेले मूत्रपिंड आकाराने वाढते व काही महिन्यांत पूर्वीच्या एकूण कार्यापैकी सुमारे ७० टक्के कार्य एकटे पार पाडू लागते. अशा दात्याने दरवर्षी रक्तदाब, क्रिएटिनिन व मूत्रातील अल्ब्युमिन तपासून घ्यावे लागते. घेणाऱ्याच्या तपासण्या सांभाळताना देणाऱ्या स्त्रीची तपासणी घरात विसरली जाते.